नवसाचा मातीचा घोडा घडवताना

देवाला वाहायचा मातीचा घोडा आतून पोकळ असतो. त्याच्या पोटाला भोक असतं, पाय खालून उघडे असतात आणि कान-शेपूट बहुधा वेगळे करून नंतर बसवलेले असतात. नवख्याला ही सगळी त्या त्या गावाची नक्षी वाटते. खरं तर यातली जवळपास प्रत्येक गोष्ट आगीसाठी केलेली असते. घोडा वीतभर असो की तामिळनाडूतल्या काही देवळांपुढचा दोन पुरुष उंचीचा असो, तो भाजताना फुटू नये म्हणून हा खटाटोप. म्हणून या लेखात रंगकामाला फार जागा दिलेली नाही. माती, सांधे, वाळवण आणि भाजणी हेच इथे महत्त्वाचं आहे.

आधी रीत, मग माती

मातीचे प्राणी वाहण्याची रीत भारतभर आहे, पण ती एकसारखी नाही. तामिळनाडूत अय्यनार हा गावाच्या सीमेचा राखणदार देव. तो रात्री घोड्यावरून गस्त घालतो अशी श्रद्धा असल्यामुळे त्याच्या राईत घोड्यांच्या रांगा उभ्या दिसतात. पुदुकोट्टई, शिवगंगा, मदुराई या भागांत हे घोडे वेळार कुंभार घडवतात आणि पुष्कळ ठिकाणी पुजारीही तेच असतात. काम सुरू होण्याआधी गावातर्फे कुंभाराला मूठभर माती दिली जाते. तिला ‘पिडिमण’ म्हणतात. ती मिळाल्याशिवाय घडवायला हात लावायचा नाही. घोडे तयार झाले की ते मिरवत देवळात नेतात, तो ‘पुरवी एडुप्पू’चा उत्सव. डोळे त्याच वेळी विधीपूर्वक उघडतात, तोवर बुबुळ रंगवत नाहीत.

पश्चिम बंगालमध्ये बांकुडा जिल्ह्यातल्या पांचमुड्याचे घोडे-हत्ती धर्मठाकूर हा तिथला लोकदेव आणि मनसा ही नागदेवी यांना वाहतात. या कामाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दिवाणखान्यात दिसणारा लांब कानांचा ‘बांकुडा घोडा’ तो हाच, फक्त देवाकडून दुकानाकडे वळलेला. गुजरातेत साबरकांठ्यातलं पोशिना आणि छोटा उदेपूरचा आदिवासी पट्टा इथे नवस फिटला की देवस्थानी मातीचा घोडा नेऊन ठेवतात.

महाराष्ट्रातली गोष्ट थोडी निराळी. बेंदराला किंवा पोळ्याला ज्यांच्या दावणीला जनावर नाही ते मातीची बैलजोडी आणून पूजतात. इथे बैल दुसऱ्या देवाला वाहिलेला नसतो, पूजा त्याचीच असते. उत्तर कर्नाटकात ज्येष्ठ अमावास्येला मातीचे बैल पुजतात, त्या दिवसाचं नावच ‘मण्णेत्तिन अमावास्या’. असे बैल बहुतेक कच्चेच असतात. कच्च्या मातीची ही चाल जुनी दिसते. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात एका घराच्या जमिनीखाली मातीची पेटी सापडली. तिच्यासोबत बिनडोक्याची देवी आणि बैल होता, आणि या मूर्ती न भाजलेल्या होत्या. काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाचा उत्तरार्ध.

यावरून एक सोपा नियम निघतो. उघड्यावर, पावसात राहायचा असेल तर प्राणी भाजलाच पाहिजे. घरात पुजून पाण्यात सोडायचा असेल तर भाजू नये, कारण भाजलेली माती पुन्हा विरघळत नाही.

काम हाती घेण्याआधी देवस्थानाच्या पुजाऱ्याला किंवा भगताला विचारून घ्या. काही ठिकाणी कुंभाराच्या हातचाच घोडा चालतो, काही ठिकाणी कुणीही घडवलेला चालतो. एक की जोडी, रंगवलेला की नुसता, तोंड कुठल्या दिशेला, हे सगळं त्या त्या गावाचं असतं. घोडा तयार झाल्यावर विचारायला गेलं तर उशीर झालेला असतो.

माती ओळखणं

तळ्याच्या किंवा नदीकाठच्या गाळाची माती सर्वांत बरी. वरचा वीतभर थर काढून टाका, त्यात मुळं आणि कचरा असतो. खालची ओली माती बोटाएवढी जाड वळी करून अंगठ्याभोवती गुंडाळा. भेगा न पडता गुंडाळली गेली तर चिकटपणा पुरेसा आहे. वळी तुटली तर वाळू जास्त आहे.

आता तीन गोष्टी तपासा.

पहिली, चुनखडी. मातीच्या कोरड्या ढेकळावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. फेस आला तर त्या मातीत चुना आहे. ज्वारीएवढा चुनखडीचा खडादेखील भट्टीत जळून कळीचा चुना होतो. घोडा भट्टीतून छान बाहेर येतो, आणि चार-आठ दिवसांनी हवेतला ओलावा पिऊन तो खडा फुगतो आणि अंगावरची खपली उडवतो. बारीक चाळणीतून गाळल्यावरही फेस येत असेल तर माती बदला.

दुसरी, आकसणं. मातीची १४ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद आणि १ सेंमी जाड पट्टी करा आणि तीवर बरोबर १० सेंमी अंतरावर दोन रेघा ओढा. सावलीत पूर्ण वाळली की अंतर मोजा. ९.२ ते ९.४ सेंमी भरलं तर ठीक. ९ च्या खाली गेलं तर त्या मातीचे सांधे तडकणार, वाळू वाढवावी लागेल. दख्खनची काळी कापसाची माती इथेच नापास होते. ती पाणी पिऊन फार फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा त्याच गुणाच्या. नुसत्या काळ्या मातीचा पोकळ घोडा वाळवणीतच जातो.

तिसरी, खार. वाळलेल्या पट्टीवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर माती खारवट आहे. घोडा टिकेल, पण रंग आणि गेरू त्याच्यावर नीट धरणार नाही.

प्रमाण

खालचं प्रमाण ओलेपणी सुमारे ३५ सेंमी उंच असलेल्या दोन घोड्यांसाठी आहे. जोडी लागत नसली तरी दोन करा, एक भट्टीचा वाटा समजा.

- कुटून चाळलेली कोरडी माती: ७ किलो
- बारीक चाळलेली नदीची वाळू: १ ते १.२५ किलो
- वाळवून चुरलेली गाढवाची किंवा घोड्याची लीद: मापाने २ लिटर
- पाणी: साधारण २.५ लिटर, एकदम न ओतता
- लेपासाठी गेरू: २०० ग्रॅम

लीद कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. गाढवाच्या लिदीत बारीक, अर्धवट पचलेले तंतू असतात. ओल्या मातीत ते बांधून धरतात, आणि भट्टीत जळून गेल्यावर त्यांच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. वाफ त्यातून निघून जाते आणि अचानक तापल्याचा झटकाही माती सोसते. राजस्थानात मोलेल्याचे कुंभार देवांच्या मातीच्या फळ्यांसाठी गाढवाचीच लीद वापरतात. तामिळनाडूत त्या जागी भाताचं तूस किंवा बारीक कापलेला पेंढा येतो. तूस घेतलं तर प्रमाण दीड लिटरवर आणा, नाहीतर अंग खरखरीत होतं. गाईचं शेण चालतं, पण त्यातला लांब चारा चाळून काढा.

वाळूचं काम वेगळं. ती आकसत नाही, म्हणून एकूण आकसणं कमी करते. समुद्रकाठची वाळू टाळा, शंखशिंपल्यांचा चुरा म्हणजे पुन्हा चुनाच.

माती दोन दिवस भिजवा, जाडसर चाळणीतून किंवा गोणपाटातून गाळा, वरचं पाणी निथळू द्या. मग वाळू आणि लीद मिसळून पायाने तुडवा. कडेकडून मध्याकडे येत संपूर्ण थर तुडवून झाला की घडी घालून पुन्हा, असं निदान चार वेळा. लीद मिसळलेला गोळा ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर मुरत ठेवला तर तो जास्त लवचिक होतो. थोडा वास येतो, तो चांगलं लक्षण समजा. वापरायच्या दिवशी हाताने पुन्हा मळा आणि तारेने मधोमध कापून पाहा. कापलेल्या भागात हवेचे फुगे दिसले तर मळणी अपुरी आहे. माती पोळीच्या कणकेपेक्षा थोडी घट्ट हवी.

भाग घडवणं

सगळे भाग एकाच दिवशी, एकाच गोळ्यातून करा. सांधे तुटण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे एक भाग कालचा, दुसरा आजचा. दोघांचा ओलावा वेगळा, म्हणून आकसणंही वेगळं.

चाक असेल तर पांचमुड्याची पद्धत सोयीची. तिथे पाय, मान, तोंड सगळं चाकावर नळीसारखं वेगवेगळं काढतात आणि मग जोडतात. चाक नसेल तर १ सेंमी जाडीचा मातीचा पत्रा लाटा आणि कोरडी राख लावलेल्या गोल लाकडाभोवती गुंडाळा. कड तिरकी कापून एकावर एक चढवा. लाकूड दहा-पंधरा मिनिटांत बाहेर ओढा. आत ठेवून विसरलात तर माती त्याच्यावर आकसते आणि उभी चिरते.

पाय चार, प्रत्येकी १२.५ सेंमी उंच, खाली ५ सेंमी आणि वर ४ सेंमी व्यास. खालचं तोंड थोडं पसरट ठेवा, घोडा स्थिर उभा राहतो. चारही पाय एकत्र उभे करून उंची जुळवा. एक जरी ३ मिमी आखूड राहिला तरी भाजल्यावर घोडा डगमगतो, आणि तेव्हा काही करता येत नाही.

धड १८ सेंमी लांब आणि १० सेंमी जाड. चाकावर हे तोंड बंद केलेल्या मडक्यासारखं काढतात. आत कोंडलेली हवा ओल्या भिंतींना आधार देते. चाक नसेल तर दोन खोलगट वाट्या करून तोंडाला तोंड जोडा. धड घट्ट झालं की पोटाखाली भोक पाडायचं, त्याआधी नाही.

मान १२ सेंमी, खाली ७ आणि वर ५ सेंमी. डोकं एका बाजूने बंद केलेली ९-१० सेंमीची नळी. भिंतीची जाडी सगळीकडे ८ ते १० मिमी ठेवा. हा आकडा ध्यानात ठेवावा असा आहे. जाडी एकसारखी असेल तर थोडी जास्त-कमी चालते. पाठ ६ मिमी आणि मानेचा बुंधा २० मिमी असं झालं की बुंधा तडकलाच म्हणून समजा.

कान पानासारखे चपटे, ८ सेंमी लांब, खाली २ सेंमीचं खुंट. शेपटीलाही असंच खुंट. डोक्यावर कानांसाठी खाचा पाडा आणि त्या खुंटापेक्षा ३ मिमी मोठ्या ठेवा. कान आणि शेपूट वेगळे भाजून नंतर बसवतात. वाहतुकीत ते मोडत नाहीत आणि मोडले तरी एकट्या कानाचं काम पुन्हा करता येतं. खुंट घट्ट ठोकून बसवू नका, डोक्याला चीर जाते.

जोडणी

सर्व भाग घट्ट होऊ द्या. अंगठा दाबला तर खळगा पडत नाही, पण नख टोचलं तर खूण उमटते, ही वेळ. उन्हाळ्यात ती तीन-चार तासांत येते, पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी. धारेवरचे कड आधी सुकतात, म्हणून त्यांच्यावर ओलं फडकं ठेवून द्या.

धड उलटं करून कापडाच्या कड्यावर ठेवा, पोट वर. पायांची वरची तोंडं धडाच्या गोलाईला बसतील अशी अर्धगोल कापा. पाय ठेवून टोकदार काडीने बाहेरून रेघ ओढा. त्या वर्तुळाच्या आत २.५ सेंमीचं भोक पाडा. हे भोक नवखे नेहमी विसरतात. ते नसेल तर पायाची पोकळी आणि पोटाची पोकळी तुटक राहतात, आणि सांध्याजवळचा थर दुप्पट जाड होऊन ओल धरून ठेवतो.

आता दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या खोल रेघा ओढा, सुमारे ३ मिमी खोल. त्याच मातीचा चिखल करा, बोटावरून ओघळणार नाही इतका दाट. दोन्ही बाजूंना तो लावा, पाय दाबून किंचित फिरवा, चिखल बाहेर यायला हवा. वरून बोटाएवढी वळी सांध्याभोवती लावा आणि अर्धी धडाकडे, अर्धी पायाकडे पुसून घ्या. नुसत्या पाण्याने जोडलेला सांधा वाळेपर्यंत धरतो आणि भट्टीत सुटतो.

पाय थोडे, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, बाहेर झुकवा. चारही पायांवर सपाट फळी ठेवून पातळी पाहा. तीन-चार तासांनी घोडा उभा करा आणि पोटाखाली वाळूची पिशवी द्या, नाहीतर ओलं पोट खाली येतं. ती दुसऱ्या दिवशी काढा. विसरलात तर आकसणारं पोट तिच्यावर अडकून फाटतं.

मान शक्यतो सरळ उभी बसवा. पुढे झुकलेली मान दिसायला डौलदार, पण डोक्याचं वजन तिच्या मागच्या सांध्याला ओढत राहतं. मानेखालीही धडाला भोक हवं, आणि डोक्याला मानेच्या बाजूने. तोंडाची फट आरपार कापा. शेवटी पोटाखाली २ सेंमीचं भोक पाडा. काडी घालून पाहा: डोक्यातून मानेत, मानेतून पोटात, पोटातून पायांत, सगळीकडे हवा खेळली पाहिजे. कुठेही बंद पोकळी राहता कामा नये.

घुंगरांची माळ, खोगीर, लगाम हे सगळं अंग अजून ओलसर असतानाच लावा, जाडी ५ मिमीच्या आत. वाळलेल्या अंगावर लावलेले दागिने भट्टीत गळतात.

वाळवण

घाईमुळे जितके घोडे जातात तितके बाकी कशानेही जात नाहीत. हवेशीर सावलीत उन्हाळ्यात १० ते १२ दिवस, पावसाळ्यात तीन आठवडे लागतात. पंख्याखाली ठेवू नका, वाऱ्याकडची बाजू आधी आकसते.

फळीवर राखेचा किंवा बारीक वाळूचा थर द्या आणि घोडा त्यावर ठेवा. वाळताना धड आकसतं तसे चारही पाय एकमेकांकडे सरकायला हवेत. पाय फळीला चिकटले तर ते सरकत नाहीत आणि मांडीच्या सांध्यात चीर पडते. ही चीर बारीक असते, भाजल्यावरच दिसते, आणि लोक दोष भट्टीला देतात.

पहिले तीन दिवस पाय, तोंड, मानेचं टोक यांना ओलसर फडकं गुंडाळून ठेवा, धडाला नाही. पातळ भाग मागे ठेवायचे आणि जाड भागांना गाठू द्यायचं. रोज घोडा थोडा फिरवा. शेवटी गालाला लावून पाहा. थंड लागला तर आत ओल आहे.

गेरूचा लेप घोडा अर्धवट वाळलेला असताना द्या. गेरू आणि त्याच मातीचा वस्त्रगाळ चिखल समसमान घ्या, फडक्याने दोन पातळ हात. लेपाची ओली चमक गेली की गुळगुळीत गोट्याने घासा. फार वाळल्यावर घासलं तर ओरखडे उठतात. लेप जाड दिला तर पापुद्रे सुटतात.

भाजणी

दोन घोड्यांसाठी वेगळा आवा, म्हणजे कुंभाराची गोवऱ्या-लाकडांची भट्टी, लावणं परवडत नाही. दहा-बारा घोडे, त्यात पणत्या आणि लहान मडकी, असा भरणा ठेवा. वारा नसलेला दिवस निवडा. गंजी, छप्पर, गोठा यांपासून निदान १५ मीटर लांब. पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळूचं घमेलं जवळ ठेवा, अंगावर सुती कपडे असू द्या.

सव्वा मीटर व्यासाचा, वीतभर खोल खड्डा घ्या. आदल्या दिवशी त्यात काटक्या जाळून जमीन कोरडी करा. ओल्या जमिनीची वाफ थेट पायांच्या पोकळीत शिरते. इतक्या भरण्याला सुमारे ७० ते ८० किलो वाळलेल्या गोवऱ्या, २५ किलो वाळकी लाकडं आणि चार-पाच पेंढ्या पेंढा लागतो. गोवऱ्यांचा आकार गावोगाव वेगळा असतो, म्हणून मोजणी नगावर न ठेवता वजनावर ठेवा.

सर्वांत आधी शेकणं. घोडे खड्ड्याच्या कडेला, निखाऱ्यांपासून हातभर दूर मांडा आणि दर अर्ध्या तासाने फिरवा. तीन ते चार तास. हात टेकवता येणार नाही इतके गरम व्हायला हवेत. पोटाच्या भोकापाशी थंड स्टीलचं ताट धरा. त्यावर दव धरलं तर आत अजून पाणी आहे. १०० अंशांवर हे पाणी वाफ होतं आणि तिला वाट मिळाली नाही तर घोडा आवाज करून फुटतो, सोबतच्या दोघांना घेऊन.

मग खाली गोवऱ्यांचा दोन थरांचा बिछाना, त्यावर घोडे, मधल्या फटींत गोवऱ्यांचे तुकडे. जड भांडी खाली, घोडे मध्ये, कान-शेपटी पालथ्या मडक्यांत. घोड्याला घोडा टेकवू नका. बाहेरून गोवऱ्या उभ्या रचा, त्यावर खापऱ्या, त्यावर पेंढा आणि शेवटी पातळ चिखलाचं लिंपण. खाली चारही दिशांना मुठीएवढी तोंडं आणि माथ्यावर तीन-चार भोकं ठेवा.

विस्तव खालच्या तोंडांतून, वाऱ्याच्या उलट बाजूने लावा. पहिले दोन तास धूर पांढरा आणि ओला असतो, तोवर आग वाढवू नका. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि तिथून माती परत चिखल होऊ शकत नाही. ५७३ अंशांवर वाळूतलं गारगोटीचं द्रव्य अचानक फुगतं आणि थंड होताना त्याच ठिकाणी आकसतं. म्हणून चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा हा टप्पा सावकाश गेला पाहिजे. धूर निवळला की लाकडं घालून आग वाढवा. आवा ६५० ते ८५० अंशांपर्यंत जातो. संध्याकाळच्या अंधारात तोंडातून पाहा. आतले घोडे डाळिंबी लाल दिसले आणि तासभर तसेच राहिले की पुरे.

लाल घोडा हवा असेल तर हवेची तोंडं उघडी राहू द्या. काळा हवा असेल तर याच क्षणी माथ्यावरून ओलसर शेणाचा चुरा किंवा तूस टाका आणि सगळी तोंडं चिखलाने बुजवा. धूर बाहेर जात नाही, आतली हवा संपते आणि काजळी मातीत मुरते. पांचमुड्याचे काळे आणि लाल घोडे एकाच मातीचे असतात, फरक एवढ्याचाच. लिंपणाला भेग पडली तर तिथे घोड्यावर तांबडा डाग उठतो, म्हणून चिखलाचं घमेलं हाताशी ठेवा.

थंड व्हायला पूर्ण रात्र द्या, काळ्यासाठी आणखी अर्धा दिवस. उत्सुकतेपोटी आवा लवकर उघडला की थंड हवा लागून ‘टण्’ असा आवाज येतो आणि कानापासून मानेपर्यंत बारीक चीर जाते.

भाजणी पुरी झाली का, हे बोटाच्या पेराने वाजवून कळतं. घट्ट, खणखणीत आवाज हवा. शंका असेल तर त्याच आव्यातलं एक खापर रात्रभर पाण्यात ठेवा. कडा मऊ पडून गढूळ झालं तर भाजणी कच्ची आहे. तसे घोडे दुसऱ्या आव्यात पुन्हा भाजता येतात, मात्र पाणी लागलेले आधी नीट वाळवून.

फुटलेल्या तुकड्यांवरून दोष ओळखणं

तुकडे फेकून देण्याआधी पाहावेत. अंगावरून ताटलीसारखे पापुद्रे उडाले असतील तर ती वाफ, म्हणजे शेकणं कमी पडलं. तुकड्याच्या तळाशी पांढरा ठिपका असेल तर चुनखडी. चीर सांध्यावरून स्वच्छ गेली आणि आत रेघांचे ठसे शाबूत दिसले तर चिखल कमी पडला किंवा भाग फार सुकल्यावर जोडले. चिरेच्या आतल्या कडा बोथट, मळकट असतील तर ती वाळवणीतली. धारदार आणि स्वच्छ असतील तर थंड होतानाची. तोडलेल्या भागात मधोमध काळी रेघ दिसली तर लीद पुरती जळलेली नाही. घोडा चालतो, पण ठिसूळ राहतो.

भाजल्यानंतर दिसलेली केसाएवढी चीर देवासाठी चालते की नाही, हे पुन्हा रीतीवर आहे. पुष्कळ देवस्थानी वाहतानाच खंडित असलेला घोडा घेत नाहीत, वाहिल्यावर तुटला तर मात्र हरकत नसते. चीर सरसाने भरून वर रंग फासणं टाळाच. उन्हापावसात ती पहिल्या वर्षीच उघडी पडते.

रंग, वाहतूक, ठेवण

रंगवायचं असेल तर चुन्याची सफेदी आणि त्यावर गेरू, काजळी, पिवळी माती असे रंग डिंकात घोळून लावा. ऑइल पेंट आणि व्हार्निश यांनी मातीची छिद्रं बुजतात. खालून शिरलेलं पाणी आत कोंडतं आणि रंग खपल्यांनी सुटतो. अशा चकचकीत घोड्यांना दुकानात भाव येत असेल, पण राईत ते दोन पावसाळ्यांत विटतात. साधा लाल घोडा शेवाळ धरत सावकाश मुरतो. तसं होणं ठरलेलंच असतं. अय्यनारच्या राईत जुने मोडके घोडे तसेच पडू देतात आणि नवे त्यांच्या शेजारी उभे करतात. त्यामुळे जुना घोडा उचलून ‘जपायला’ घरी आणणं हे जतन नव्हे, चोरीच.

नेताना पोटाखाली पेंढ्याची उशी द्या, वजन पायांवर येऊ देऊ नका. उचलताना हात पोटाखाली, मानेला धरून कधीही नाही. कान आणि शेपूट जागेवर पोहोचल्यावर बसवा, खुंटाला ओल्या मातीचा पातळ लेप लावून. जमिनीवर ठेवताना पाय दोन-तीन सेंमी मातीत रोवा. पोटाचं भोक बुजवू नका, आत शिरलेलं पावसाचं पाणी तिथूनच निघतं.

बेंदराचे कच्चे बैल

इथे आग नाही, म्हणून पोकळीची गरज नाही. वीतभर लांबीपर्यंत बैल भरीव केला तरी चालतो. काळी मातीसुद्धा चालते: चार भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चाळलेलं शेण आणि वर मूठभर पिंजलेला कापूस. कापूस हातांनी तुटक करून मळताना थोडा थोडा टाका, एकदम टाकला तर गाठी होतात.

धड, मान आणि वशिंड एकाच गोळ्यातून ओढून काढा, चिकटवू नका. वशिंड चिकटवलेलं असलं की तेच आधी गळतं. पाय आखूड आणि जाड, धडाच्या निम्म्या उंचीचे. आत काडी घालून पाय मजबूत करण्याचा मोह होतो. काडी आकसत नाही, माती आकसते, आणि पाय उभा चिरतो. फक्त शिंगांसाठी बारीक काडी चालते, तीही माती घट्ट झाल्यावर टोचलेली. पोटाखालून अंगठ्याने खोल खळगा करून ठेवला तर मधला जाड भाग लवकर वाळतो. पाच-सहा दिवस सावलीत वाळवा, बारीक भेगा पडल्या तर शेणमातीच्या पातळ चिखलाने पुसून घ्या.

रंग गेरू, चुना आणि हळद एवढ्यावर ठेवा. झूल कागदाची किंवा कापडाची असेल तर विसर्जनाआधी काढा. घरच्या बादलीत बैल बुडेल इतकं पाणी घेतलं की तो एका रात्रीत बसतो. वरचं पाणी झाडांना घाला आणि खालचा गाळ गोणपाटावर पसरून वाळवला तर पुढच्या वर्षी तोच कुटून वापरता येतो. शेण मात्र नव्याने मिसळावं लागतं, जुनं कुजून गेलेलं असतं.